सप्ताह मोडू नये म्हणून

माझं माहेर नंदुरबारकडचं. मला बघायला आलेल्या माणसाने चहाचा कप उचलण्याआधी हात जोडून डोळे मिटले, आणि आई तिथेच विरघळली. रात्री म्हणाली, "देवना मानसे शेतस. तुले काय कमी पडाव नई."

आईला स्वतःला एक स्तोत्र येत नव्हतं. भाकरी थापताना ती देवाशी बोलायची, कधी भांडायचीही. वडील म्हणायचे, "दम खाऊ दे जरा देवाला."

लग्नानंतर मी सुरतेला कतारगाममध्ये आले. घरात नवरा, सासूबाई आणि मी. श्रावणात आमच्याकडे सात दिवस पोथीचं पारायण असे. नवरा वाचायला बसे आणि सोवळ्यातला स्वयंपाक माझ्याकडे. ओलेत्याने चुलीपाशी उभी राहायचे, तरी मला ते आवडायचं. त्यांचा आवाज भरून आला की मला वाटे, देवाची माणसं आहेत, आई म्हणाली ते खरं होतं.

लग्नाला चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. पारायणाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बेनने हाक मारली. आमच्याकडे फोन नव्हता, माहेरी तिचाच नंबर दिलेला. मी सोवळ्यात, म्हणून सासूबाई गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "तुझ्या भावाचा होता. सगळं बरं आहे म्हणाला."

मी खूश झाले. भावाने आपण होऊन फोन केला, याचंच मला कौतुक. सातव्या दिवशी समाप्तीला चाळीसएक माणसं जेवली. मी केसात गजरा माळून शिरा वाढला, आग्रह केला, हसले.

बेन फोन आला त्याच दिवशी कामरेजला दिराकडे गेली होती. ती आठव्या दिवशी परतली. मला दारात बघून ती थबकली.

"अरे बेन, तमे गयां नथी?"

"कुठे?"

तिने माझा हात धरला. "तमारां बा..." माझ्या आईबद्दल एवढंच बोलली आणि रडायला लागली.

मी घरात आले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "सुतक ऐकल्यावर लागतं. तू ऐकलंच नव्हतंस, म्हणून सप्ताह निर्विघ्न पार पडला. देवाची कृपा समज."

मी नवऱ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"आई काहीतरी सांगत होती," ते म्हणाले. "तुझ्या माहेरचं आहे एवढं कळलं. मीच म्हटलं, आता नको, समाप्तीनंतर सांग. ऐकलं असतं तर मला आसनावर बसता आलं नसतं."

म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. ओळखून कान तेवढे मिटून घेतले होते. सासूबाईंचं मी समजू शकले असते. पण हा माणूस पाच दिवस माझ्या हातचं जेवला, माझ्या तोंडाकडे बघत होता.

त्याच दुपारी मी एकटी गाडीत बसले. घरी पोचले तेव्हा अंगणात भाऊ होता. तो उठला नाही.

"संध्याकाळच्या गाडीपर्यंत ठेवलं होतं तिला," तो म्हणाला. "तू येशील म्हणून."

मी काय सांगणार होते? सांगितलं, जे घडलं ते. वडील ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "दुखणं वाढलं तरी ती कळवू देईना. म्हणायची, पोरीच्या घरी देवाचं काम चालू आहे, तिला उठवू नका."

तेराव्यानंतर मी सुरतेला परतले. दुसरं कुठे जाणार होते? सासूबाईंनी माझ्या वाटणीचा प्रसाद डब्यात ठेवला होता. मी तो गाईला घातला. नवऱ्याशी मी पुढे बोलत राहिले, भाजी काय आणायची, दूध आलं का. पण त्यांचा पोथीतला आवाज भरून आला की मी उठून मोरीत जायचे आणि नळ सोडायचे.

पुढच्या श्रावणात मी आधीच सांगितलं, "मी स्वयंपाक करणार नाही. माहेरी जातेय."

"लोक विचारतील," ते म्हणाले.

"खरं सांगा."

परतल्यावर बेनने मला सांगितलं. लोकांनी विचारलं, तेव्हा ते आसनावरूनच म्हणाले होते, "तिच्या वडिलांना फार बरं नाही, म्हणून जावं लागलं."

तो सगळा आठवडा माझे वडील शेतात निंदणीला जात होते, आणि दुपारी माझ्याबरोबर पोटभर जेवत होते.