तिकडचं इंग्रजी

कोलकात्यात खिदिरपूरच्या ट्राममध्ये रोज सकाळी माझ्या शेजारी एक वयस्कर अँग्लो-इंडियन गृहस्थ बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बायको वारलेली होती आणि एकुलती मुलगी त्यांना ऑस्ट्रेलियाला कायमचं बोलावत होती. टोपी मांडीवर ठेवून ते तिकडच्या इंग्रजीची उजळणी करत.

"अरे मॅन, तिकडे ब्रिंजल कुणाला कळत नाही! आणि मी लगेजेस म्हटलं की फोनवर नातवंडं पोट धरून हसतात."

"मग लगेज म्हणा," मी म्हणालो.

"म्हणेन ना. पण माझी बायको जन्मभर लगेजेसच म्हणायची. तिच्यासारखं बोलणारं तिकडे कोण भेटणार?"

थोड्याच दिवसांत ते ऑस्ट्रेलियाला गेले.

माझा मुलगा कोलकात्यातच वाढला. बंगाल्यांसारखं "बाबा, पाणी खायचंय" म्हणाला की मी रागवायचो. सांगलीला एकट्या राहणाऱ्या माझ्या आईपुढे त्याने नीट मराठी बोलावं, एवढीच इच्छा. ते गृहस्थ गेल्यावर मात्र एका संध्याकाळी तो पुन्हा तसंच म्हणाला, तेव्हा मी न रागावता त्याला पेला भरून दिला. आईने हे ऐकलं तर ती खूप हसेल, असं वाटलं. आणि किती वर्षांत मी तिचं हसणं ऐकलेलं नाही, हेही जाणवलं.