अण्णांच्या अक्षरांची सावली

आमच्या दुकानात फ्लेक्स करायला आलेल्या माणसाला मी पूर्वी एक प्रश्न विचारायचो. "लावणार कुठं?" तो म्हणायचा, "चौकात." मी विचारायचो, "चौकात कुठं? तोंड कुणीकडं?" बहुतेकांना वाटायचं, मी नगरपालिकेच्या परवानगीचं विचारतोय. मी उन्हाचं विचारत असायचो. आता विचारत नाही.

ही सवय अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. ते पेंटर होते. कळंबच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांवर एकेकाळी ज्या पाट्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच त्यांच्या हातच्या. दुसरे पेंटर अक्षराला सावली द्यायचे ती कायम उजवीकडे खाली. अण्णा आधी रस्त्यावर जाऊन दुकानासमोर उभे राहायचे. दुकानाचं तोंड पूर्वेला असेल तर सावली उजवीकडे, पश्चिमेला असेल तर डावीकडे, दक्षिणेला असेल तर सरळ खाली. आपल्याकडे ऊन बहुतेक वर्षभर दक्षिणेच्या अंगानं येतं. रंगवलेली सावली खऱ्या उन्हाशी भांडली, तर वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण पाटी खोटी वाटते, असं त्यांचं म्हणणं. उत्तरेला तोंड असलेल्या भिंतीवर ऊन फारसं येतच नाही. तिथं ते सावली द्यायचेच नाहीत. अक्षराला बारीक किनार ओढायची आणि ब्रश धुवायचा. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "पेंटर, शेजाऱ्याला शेड दिली, मला का न्हाय?"

"शेजाऱ्याला ऊन हाय," अण्णा म्हणायचे.

पुढे फ्लेक्स आले. पाटी रंगवून घेणारं कुणी उरलं नाही, आणि अण्णांचा हातही थरथरू लागला. त्यांच्याच गाळ्यात मी आणि माझ्या धाकट्या भावानं कॉम्प्युटर आणून डिझाइनचं दुकान टाकलं. छपाईचं मशीन आमच्याकडे नाही. फाइल लातूरच्या एका प्रेसला पाठवायची आणि छापलेला फ्लेक्स एसटीनं मागवायचा. अण्णा रोज सकाळी दुकानात येऊन बसायचे आणि काहीच न करता दुपारी घरी जायचे. ते बघवेना, म्हणून मी ठरवलं की त्यांचं अक्षर कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं. ते समोर असताना, त्यांना विचारून, ते हो म्हणेपर्यंत.

मोंढ्यात उरलेल्या त्यांच्या पाट्या मी शिडी लावून फूटपट्टीनं मोजल्या. फूटभर अक्षराला सावली दीड इंच, सहा इंची अक्षराला पाऊण इंच. म्हणजे उंचीचा आठवा हिस्सा. एकाही पाटीत हे प्रमाण चुकलेलं नव्हतं. सोनेरी रंगही एक नव्हता, वर फिका, मध्ये हळदीसारखा आणि तळाला तपकिरी.

सॉफ्टवेअरमध्ये अक्षराच्या लेयरला, म्हणजे थराला, इफेक्ट देता येतात. उठाव, रंगाची छटा, किनार, सावली. प्रत्येकाला आपापले आकडे असतात. उजेड एकशे वीस अंशांवर ठेवला की डावीकडून येतो आणि सावली उजवीकडे पडते. साठ अंशांवर उलट. नव्वदवर उजेड डोक्यावरून. तिथं 'ग्लोबल लाइट' म्हणून एक चौकोन असतो. त्यात खूण असली की फाइलमधल्या सगळ्या सावल्या एकाच उजेडाला बांधल्या जातात. ती खूण मी काढून टाकली. एकेका आकड्यावर बसून पहिलं अक्षर जमवलं आणि अण्णांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला आणि स्क्रीनजवळ वाकले.

"हे लावायचं कुठं?"

"कुठंच न्हाय अण्णा. नमुना हाय."

"मग सावली कशाच्या आधारानं दिली?"

धाकटा हसला. "अण्णा, कॉम्प्युटरला ऊन लागत न्हाय."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय," अण्णा म्हणाले.

मग मी एकाच्या जागी चार स्टाइल, म्हणजे आकड्यांचे चार तयार संच, केले. 'न्यू स्टाइल' दाबून प्रत्येकीला नाव दिलं. अण्णा पूर्व, अण्णा पश्चिम, अण्णा दक्षिण, अण्णा उत्तर. एवढ्यावर थांबलं तर या स्टाइल सॉफ्टवेअरच्या खिडकीत नुसत्या दिसत राहतात आणि सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची वेळ आली की जातात. म्हणून चारही वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह करून डी ड्राइव्हला ठेवल्या, एक प्रत पेन ड्राइव्हवर. अण्णांनी चारही नमुने बघितले. उत्तरेच्या अक्षराला सावली नाही, नुसती किनार आहे, हे दिसल्यावर ते मागं टेकले. "हां. आता माझं हाय." पुढे कितीतरी दिवस ते चहाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "माझा हात पोरानं मशीनमध्ये घातला. चूक करत न्हाय."

तेव्हापासून दुकानाचा एक नियम केला. प्रेसला जाणारी फाइल सगळे लेयर एक करून, जेपीजी करूनच, म्हणजे नुसतं सपाट चित्र होऊनच जाईल. लेयर सुटे असलेली उघडी फाइल समोरच्याच्या हातात पडली की तो अक्षरावर माउसचं उजवं बटण दाबतो, 'कॉपी लेयर स्टाइल' करतो आणि तुमचं सगळं मोजमाप त्याचं होतं.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आमच्याकडे मधोमध पुढारी असतो आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो. हे शुभेच्छुक शेवटपर्यंत वाढत राहतात. ज्याचा फोटो राहिला तो रुसतो, ज्याचा बारका झाला तो दुकानात येऊन भांडतो. असाच एक मोठा फ्लेक्स हातात असताना मी ईट गावी लग्नाला गेलो. मागे धाकट्याला शुभेच्छुकांचे फोनवर फोन. त्यानं फाइल उघडीच लातूरला पाठवून दिली, म्हणजे राहिलेले चेहरे तिथंच चिकटवता येतील. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी.

"दादा, मी मोबाइलवरनं एकेक डोकं पाठवीत होतो. तुझी जेपीजी असती तर ती डोकी कुठं खोवली असती?"

"सकाळी मी आलोच असतो की."

"वाढदिवस सकाळीच होता."

त्या फाइलमध्ये 'अण्णा पूर्व' होती. चारांतली तेवढी एक गेली. थोड्याच दिवसांत धाराशिवच्या बसस्टँडजवळ एका हॉटेलच्या उद्घाटनाच्या फ्लेक्सवर ती दिसली. तेच तीन सोनेरी, तीच आठव्या हिश्श्याची सावली. मग तेरखेड्याच्या फटाक्यांच्या दुकानावर, मग सत्यनारायणाच्या निमंत्रणावर. मी प्रेसवाल्याला फोन केला.

"अहो, स्टाइल काय कुणाच्या बापाची असती का?" तो म्हणाला.

"माझ्या बापाचीच हाय."

तो हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला. पुढे डिझायनर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मलाच ती फाइल आली, फुकट. नाव बदललेलं होतं. किंग गोल्ड. खाली शाबासकीच्या अंगठ्यांची रांग.

माझं गिऱ्हाईक तुटलं असं नाही. ती तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

अण्णांना डोळे दाखवायला मी धाराशिवला घेऊन चाललो होतो. येरमाळ्याला एसटी थांबली. अण्णा खिडकीशी होते. समोर एका दुकानाच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स, गॉगल घातलेला कुणीतरी, आणि वर अण्णांचं अक्षर. अण्णांनी सूर्य बघितला, भिंत बघितली.

"ह्या भिंतीचं तोंड उत्तरेला हाय."

"व्हय."

"मग सावली कशी दिली तू?"

"मी न्हाय केलं अण्णा. लोकांनी कॉपी केलंय."

त्यांनी पुन्हा निरखून बघितलं. एसटी हलेपर्यंत बघत होते. मग म्हणाले, "कॉपी केली की फरक पडतो. माझ्या पाट्या बघून कितीजणांनी अक्षर काढलं, मी लांबून ओळखायचो. हात लपत न्हाय. ह्याच्यात काय फरक हाय, दाखव."

फरक नव्हता. तोच तर सगळा घोटाळा होता. मी त्यांना समजावलं की कॉम्प्युटरमध्ये नक्कल म्हणजे तीच वस्तू, आकडे जसेच्या तसे जातात, हात मध्ये येतच नाही. येडशीपर्यंत समजावत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "काम लई असलं की घाई होती. पर लावायचं कुठं, तेवढं विचारत जा."

आयुष्यभर मी त्यांच्याइतकाच काटेकोर राहायचा प्रयत्न केला. फूटपट्टी लावल्याशिवाय मी घरात खिळासुद्धा ठोकत नाही. आणि त्यांच्या हिशेबात मी घाईचा माणूस झालो. त्यानंतर जिल्ह्यात जिथं जिथं चुकीची सावली दिसली, ती माझ्या नावावर चढली. ते फ्लेक्सकडे बघायचे, मग माझ्याकडे. हळूहळू दुकानात येणंही त्यांनी बंद केलं. चहावाल्यानं विचारलं तेव्हा धाकटा म्हणाला, "थकलेत अण्णा." मला माहीत होतं, थकले नव्हते. संध्याकाळी मोंढ्यापर्यंत चालत जात होते.

गेल्या वर्षी अण्णा गेले. श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी स्वतः केला. लावायची जागा आधी बघून आलो. दुकानासमोरची भिंत, तोंड उत्तरेला. काळ्यावर पांढरं अक्षर, 'अण्णा उत्तर', सावली नाही, बारीक किनार. ती स्टाइल तोपर्यंत कुणी नेली नव्हती. तिच्यात नेण्यासारखं काही दिसत नाही.

धाकट्यानं बघितलं. "दादा, लईच साधं वाटतंय. लोक म्हणतील, पेंटरच्या घरचा फ्लेक्स आणि असा."

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी माझ्या फ्लेक्सच्या शेजारी त्याच भिंतीवर दुसरा लागला, दुप्पट मोठा. मोंढ्यातल्या पोरांच्या मंडळानं लावलेला, फोटो धाकट्यानं दिलेला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' किंग गोल्डमध्ये, झळझळीत, सावली उजवीकडे. खाली वीसेक शुभेच्छुक, तिथं त्यांना शोकाकुल म्हटलं होतं एवढाच फरक.

पोरांनी प्रेमानंच लावला होता. मी तो काढला नाही. भेटायला येणारे लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. अण्णांबरोबर पूर्वी काम केलेला एक म्हातारा पेंटर आला, बराच वेळ बघत राहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अक्षर अगदी अण्णांचं उतरवलंस बघ." त्याचं बोट मोठ्या फ्लेक्सकडे होतं.

अण्णा असते तर त्यांनीही बोट तिकडेच दाखवलं असतं, आणि मला विचारलं असतं, ऊन कुठनं आलं इथं.