‘यांच्या घरी राहून वाढलेली’

गुरुवारच्या टपालात साप्ताहिक ‘सेंटिनल’चा अंक आला तेव्हा टेकला रॉनिंग लोणी घुसळत होती. हात पुसून तिने पाचवे पान उघडले. स्टोनी रन भागाचे बातमीपत्र वीस वर्षे तीच लिहीत आली होती. छापून आलेला मजकूर आधी आपण वाचायचा आणि संपादकाने कुठे कात्री लावली ते पाहायचे, हा तिचा शिरस्ता होता. या आठवड्यात कात्री लागणार नाही याची तिला खात्री होती, कारण मजकूर डेलियाच्या लग्नाचा होता.

सगळे जसेच्या तसे होते. पांढऱ्या जॉर्जेटचा झगा, अंगणातल्या पिओनीच्या फुलांचा गुच्छ, पाद्रीबाबांचे नाव, मलईत शिजवलेली कोंबडी, तीन थरांचा केक, कोणत्या पाहुण्याने काय भेट दिली त्याची लांबलचक यादी, आणि नवे जोडपे वराच्या वडिलांच्या शेतावर संसार थाटणार असल्याची शेवटची ओळ. पहिले वाक्य मात्र तिचे नव्हते. तिने लिहिले होते, ‘कै. हालवर रॉनिंग व श्रीमती टेकला रॉनिंग यांची कन्या डेलिया’. छापले होते, ‘श्रीमती टेकला रॉनिंग यांच्या घरी राहून वाढलेली मिस डेलिया’.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लोणी तसेच टाकून तिने कोठारातून फोर्ड मोटार बाहेर काढली.

ही शब्दरचना कुणासाठी राखून ठेवलेली आहे, हे त्या काउंटीत शाळकरी पोरालाही कळत असे. ती भाचीसाठी नव्हती, भाड्याने राहणाऱ्या शिक्षिकेसाठीही नव्हती. न्यूयॉर्कच्या एका संस्थेने आगगाडीत भरून आणलेल्या आणि स्टेशनागणिक वाटून टाकलेल्या निराधार पोरांसाठी ती होती. एकोणीसशे आठच्या हिवाळ्याच्या तोंडावर अशी अकरा मुले गावातल्या नाटकघराच्या मंचावर उभी केली होती. शेतकरी मुलग्यांचे दंड दाबून पाहत होते, मोठ्या मुलींना दूध काढता येते का म्हणून विचारत होते. चार वर्षांच्या, कोटावर सतरा आकड्याची चिठ्ठी टाचलेल्या मुलीकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हते. हालवर मंचावर चढला आणि तिला उचलून खाली घेऊन आला. टेकलाने त्याआधी दोन तान्ही मुले पुरली होती. तिने काही विचारले नाही, पोरीला शालीत गुंडाळले. पहिला महिनाभर ती पोर पायांत बूट घालूनच झोपायची, पुन्हा गाडीत बसवले तर बूट राहून जाऊ नयेत म्हणून.

संस्थेचा माणूस वर्षातून एकदा यायचा, मुलगी अंगाने भरली आहे ना एवढे पाहायचा आणि गोडधोड खाऊन जायचा. रीतसर दत्तक घ्यायचे तर काउंटीच्या कोर्टात जावे लागले असते. हालवर हसून म्हणायचा, “घरच्या वासराला कुणी दाखला काढतं का?” त्याला ते अपमानास्पद वाटत असे, आणि टेकलालाही. आपल्याच पोरीवर न्यायाधीशाचा शिक्का कशाला? दोन वर्षांपूर्वी हालवर गेला आणि कागद राहिला तो राहिलाच.

छापखान्यात संपादक बीब छपाईचे खिळे जुळवीत उभा होता.

“पहिलं वाक्य कुणी बदललं?”

“रॉनिंगबाई, आधी बसा तरी. उन्हातून आलात.”

“बसायला आले नाही मी. कुणी बदललं?”

“तुमच्या जाऊबाई, ओलिना, सोमवारी येऊन गेल्या. म्हणाल्या, आमच्या घराण्याची बातमी आहे, खरी तेवढीच छापा. आता तुम्हीच सांगा, कोर्टाचा कागद आहे तुमच्याकडे?”

“अठरा वर्षं वाढवलंय मी तिला! गोवर निघाला तेव्हा अकरा दिवस उशाशी बसले होते. तेव्हा कुठं होती ही घराणंवाली?”

“ते सगळा गाव जाणतो हो. पण उद्या तुमच्या ऐंशी एकरांच्या वारसाचा प्रश्न निघाला, तर वकील माझा अंक नाचवतील कोर्टात. मला कशाला मध्ये घालता?”

“म्हणजे जमिनीसाठी माझ्या पोरीला मोलकरणीच्या रांगेत बसवलंत?”

बीबने खिळे खाली ठेवले. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याला फक्त आपले बरोबर असल्याचे सिद्ध करायची फार हौस होती. आतून तो जुन्या अंकांची जाडजूड बांधणी घेऊन आला आणि पाने उलटू लागला. “हे बघा, दहा साल, आयडाचं लग्न. ‘फिन्सेथ यांच्या घरी राहून वाढलेली’. हे तेराचं. हे सोळाचं. अशा सहा आहेत. मजकूर कुणाचा होता, रॉनिंगबाई? मी तुमचाच शब्द तुम्हाला परत दिला. तेव्हा नाही टोचला तो!”

“दुरुस्ती छापा.”

“मग त्या सहाजणींचीही छापू?”

“छापा!”

“वेड लागलंय तुम्हाला. जा, घरी जाऊन ताक प्या.”

“पुढच्या लग्नाची बातमी तुम्हीच लिहा मग. झग्याला किती वार लागले ते मोजायला टेप घेऊन या.”

“फुकट अंक आणि टपालाची तिकिटं मिळतात म्हटल्यावर दहाजणी लिहायला तयार आहेत,” बीब म्हणाला आणि पुन्हा खिळ्यांकडे वळला.

परतीच्या सात मैलांत तिचा संताप दुप्पट झाला. ओलिनावर होता, बीबवर होता, पण त्या सहा ओळींवर अधिक होता. आयडाची बातमी लिहिताना लेखणी क्षणभरही अडली नव्हती, हे तिला लख्ख आठवत होते. मनात द्वेष असता तर निदान त्याला नाव देता आले असते. इतर बायका लिहीत होत्या म्हणून तिने लिहिले होते. पोळी उलथावी इतक्या सहज तिने सहा मुलींना घराच्या उंबऱ्याबाहेर बसवले होते.

घरात शिरताच ती भिंतीवरच्या टेलिफोनशी गेली. त्या भागातली अकरा घरे एकाच तारेवर होती. प्रत्येक घराची घंटी निराळी, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचे बोलणे बिनदिक्कत ऐकत असे. मात्र एक लांब, न थांबणारी घंटी सगळ्यांसाठी असे: आग लागली, हिमवादळ आले, लेकरू हरवले तर वाजवायची. टेकलाने दांडा धरला आणि खांदा भरून येईपर्यंत फिरवला. एकामागून एक रिसिव्हर उचलल्याचे खटके ऐकू आले.

“आग कुठं लागलीय?” म्हाताऱ्या टोरवाल्डचा आवाज.

“माझ्या घरात. पाणी नको, नुसतं ऐका. मी टेकला रॉनिंग. आजच्या अंकात खोटं छापलंय, खरं मी वाचते. नऊ जूनला, बुधवारी, कैलासवासी हालवर रॉनिंग आणि टेकला रॉनिंग यांची कन्या डेलिया हिचं लग्न…”

“टेकला!” ओलिना मध्येच कडाडली. “आगीची घंटी यासाठी वाजवतात? हालवर असता तर मान खाली गेली असती त्याची.”

“हालवर असता तर तुझी छापखान्याची पायरी चढायची छाती झाली नसती.”

“रॉनिंगांची जमीन रॉनिंगांच्या रक्तात राहायला पाहिजे. एवढंच म्हणणं आहे माझं.”

“ऐकलंत सगळ्यांनी? आता आलं पोटातलं ओठावर!”

“ओलिनाकाकू, मीही तारेवर आहे बरं का,” डेलियाचा आवाज आला, सासरच्या स्वयंपाकघरातून, स्पष्ट. “जमीन तुम्ही घ्या. आई नाही मिळायची.”

“गप बस! जमीन द्यायला निघालीय मोठी!” टेकला लेकीवरच खेकसली. तारेवर कुणीतरी फसकन हसले. ओलिनाने रिसिव्हर आपटला.

टेकलाने श्वास घेतला. “आणखी एक आहे. हेच वाक्य मी सहाजणींसाठी लिहिलंय. आयडा, तू ऐकतेयस?”



“सोळा वर्षं ऐकतेय,” आयडा म्हणाली. “तुझ्या पोरीला लागलं, तेव्हा तुझे कान उघडले होय?”

“हो. तेव्हाच उघडले. तुझीही दुरुस्ती वाचते. फिन्सेथ यांची कन्या आयडा…”

“खबरदार! फिन्सेथांची कन्या म्हणशील तर! तेरा वर्षं त्यांच्या गोठ्यात राबले मी. जेवायला वेगळी बसायचे. कन्या म्हणून त्यांना कशाला मोठं करतेस? माझी आई न्यूयॉर्कात लोकांची धुणी धुवायची. ब्रिजेट किहो तिचं नाव. माझ्या केकला किती थर ते विचारलंस तू. मोजे रेशमी की सुती, तेही विचारलंस. आईचं नाव नाही विचारलंस!”

माफी मागायचा विचार टेकलाच्या मनात आला, पण अकरा घरांसमोर माफी मागणे हे पुन्हा आपलेच कौतुक मांडल्यासारखे झाले असते. तिने खुंटीला टांगलेली पेन्सिल घेतली आणि ‘सेंटिनल’च्या त्याच पानाच्या कडेला लिहायला सुरुवात केली.

“ब्रिजेट किहो. लिहिलं. राहायची कुठं? शेजारच्या काउंटीतल्या वर्तमानपत्राला पाठवते मी, तुझं नि डेलियाचं एकदमच. बाकीच्या पाचजणींच्या दारी उद्यापासून जाते, त्यांनाही विचारते. सांग.”

“अगं बायांनो, तार मोकळी करा,” टोरवाल्ड कुरकुरला. “गाय व्यायला आलीय, गुरांच्या डॉक्टरला बोलवायचंय मला.”

“थांबा हो, टोरवाल्डकाका,” आयडा म्हणाली. “माझं सांगून व्हायचंय अजून.”