उस्तादांच्या घरचा चहा

सगळ्यांचा चहा मी एकट्याने पिऊन टाकला, तेव्हा उस्ताद हसले नाहीत. "श्वय् श्वय्," एवढंच म्हणाले. म्हणजे सावकाश, काही घाई नाही. आणि पाणी पुन्हा उकळायला ठेवलं.

त्याचं असं झालं. गालिच्यावर ट्रे होता. त्यात भातुकलीतले वाटावेत असे चार इवलेसे कप आणि बाजूला एक जरा मोठा. उस्तादांनी किटलीतला सगळा चहा त्या मोठ्या कपात ओतला. मी पाहुणा, घरातला कर्ता पुरुष, त्यात अंगानेही भरलेला. मोठा कप माझाच असणार यात मला तिळमात्र शंका आली नाही. दोन घोटांत तो संपवला आणि वर "वा!" म्हणालो.

"पप्पा, वो सबका था!" माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेतल्या हिंदीत ओरडली. बायकोने छताकडे पाहिलं.

खरी रीत अशी की किटलीतला पहिला चहा फिका असतो, शेवटचा कडक. म्हणून तो आधी मोठ्या कपात एक करायचा आणि मग सगळ्यांना सारखा वाटायचा. तिथे बसलेल्यांपैकी हे फक्त मलाच कळलं नव्हतं.

उस्ताद म्हणजे आमच्या रियाधच्या हॉस्पिटलात कवळ्या बनवणारे व्हिएतनामी गृहस्थ. शेजारच्याच खोलीत मी एक्स-रे काढायचो. त्यांचं नाव असं वरखाली सुरांत म्हणावं लागे की मी चिपळूणचा, बाकीचे केरळचे, पेशावरचे, एकालाही ते जमलं नाही. शेवटी कुणीतरी उस्ताद म्हणायला लागलं आणि तेच राहिलं. साठीला टेकलेले, किडकिडीत, सदा पांढऱ्या प्लास्टरच्या भुकटीने माखलेले. कुणी अरब दारावर थाप मारून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करू लागला की आतून यायचं, "श्वय् श्वय्."

एकदा वाळवंटातल्या एका बदू म्हाताऱ्याची कवळी करायची होती. उस्तादांनी त्याचा जुना फोटो मागितला. त्याने जन्मात फोटो काढलेला नव्हता. मग उस्तादांनी बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला आत बोलावलं आणि नर्सला मध्ये घालून विचारलं, "यांचे दात कसे होते?" म्हातारी बुरख्याआडून बराच वेळ बोलली. डावीकडचा पुढचा दात शेजारच्यावर चढलेला होता म्हणे. उस्तादांनी तो तसाच, वाकडा बसवून दिला.

"अहो, नवीनच करायचे तर सरळ करायचे!" मी म्हणालो.

"मग घरात शिरेल कसा?" उस्ताद म्हणाले. "ती ओळखणार नाही."

कवळी घालून म्हातारा हसला तेव्हा म्हातारीने बुरख्यावरून तोंडावर हात धरला. तिचे डोळे मात्र दिसत होते.

पुढे इराकने कुवेत घेतलं आणि आमचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. तुमच्यापैकी जे तेव्हा तिकडे होते त्यांना सांगायला नको. खिडक्यांच्या काचांना खाकी टेप, दुकानांतून पाण्याच्या बाटल्या गायब, हॉस्पिटलात गॅस-मास्कचं वाटप. इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत संपत आली. स्टाफने जायचं नाही, कुटुंबं पाठवली तर चालतील, असं कळवण्यात आलं. मी लगेच दोघींच्या पासपोर्टांवर एक्झिट-रीएन्ट्रीचे, म्हणजे जाऊन परत यायच्या परवानगीचे, शिक्के मारून आणले आणि बुधवारच्या विमानाची दोन तिकिटं काढली. बायकोच्या हातात पाकीट ठेवलं ते दिवाळीची साडी द्यावी अशा थाटात. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, पसंत पडलं. दुसऱ्याच्या बरगड्या रोज उजेडात धरून बघणारा मी, घरातलं मला एवढंच दिसायचं.

त्याच शुक्रवारी उस्तादांनी आम्हाला चहाला बोलावलं.

तर दुसरं पाणी उकळलं. उस्तादांनी किटली गरम पाण्याने धुतली, तिच्यात कमळात मुरवलेली पत्ती घातली. पहिलं पाणी पत्तीवर घालून लगेच फेकून दिलं. माझा जीव चुटपुटला. मग कपाचा आधी वास घ्यायचा, तीन बोटांत धरायचा, लहान घोट घ्यायचे. दूध नाही, साखर नाही. तरी त्या खोलीत रेडिओवरच्या बातम्या पहिल्यांदाच दूर गेल्यासारख्या वाटल्या.

आणि बायकोने विचारलं, "तुमच्या मिसेस कुठे असतात?"

मी तिला कोपर मारलं. उपयोग झाला नाही.

"ऑस्ट्रेलियात," उस्ताद म्हणाले. "सायगाव पडायच्या आधी मी तिला आणि दोन्ही मुलांना मेव्हण्याबरोबर बोटीवर बसवलं. म्हटलं, आठ दिवसांत येतो. काही लोकांचे दात अर्धवट होते. सहाव्या दिवशी शहर पडलं."

पुढे त्यांची स्वतःची बोट, निर्वासितांची छावणी, पॅरिस. नऊ वर्षांनी पत्ता लागला. तोवर, हे गेले असं समजून, तिने दुसरं लग्न केलं होतं.

"भला माणूस आहे. शाळेत शिकवतो," उस्ताद म्हणाले. "चहा मात्र खळाखळा उकळतो, असं मुलगा लिहितो."

मला राहवलं नाही. बुधवारची तिकिटं डोळ्यांपुढे होती. "पण उस्ताद, तुम्ही पाठवलं म्हणून त्यांचे जीव वाचले. बरोबरच केलंत!"

"बरोबरच केलं," ते म्हणाले. मोठ्या कपातला चहा ते थेंब थेंब सारखा करत होते. "फक्त तिला विचारलं नव्हतं. तिकीट हातात दिलं. ते एकदा हातात दिलं की माणूस काय बोलणार?"

मुलीने कप पुढे केला. त्यांनी तो भरला.

युद्ध झालं. सायरन वाजले की आम्ही तिघं खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये गाद्या टाकून पडायचो. सकाळी हॉस्पिटलात गेलो की उस्तादांच्या खोलीतून कानशीचा आवाज यायचा आणि बरं वाटायचं. त्या उन्हाळ्यात आम्ही सुट्टीवर असताना त्यांचा करार संपला आणि ते गेले. परत आलो तर त्यांच्या खोलीत टायपिस्ट बसलेला. पुढे पत्र नाही, पत्ता नाही. पॅरिसला गेले असतील, किंवा मुलाकडे. मला कुणाला धड विचारताही आलं नाही. नाव कुठे घेता येत होतं?

पण त्या चहाच्या शुक्रवारचं सांगायचं राहिलं. घरी आल्यावर मुलगी झोपायला गेली. बायकोने कपाटातून तिकिटांचं पाकीट काढलं, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली,

"हं. आता विचारा. आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा."