नर्सबाईला बोलवायला कोण गेलं?

बाळाचा एक पाय बाहेर आला होता आणि पुढे काही सरकत नव्हतं. माझी मोठी जाऊ झोपडीत गोणपाटावर पडलेली. ओरडायचीही थांबली होती... मला त्याचीच जास्त भीती वाटली.

भूतखेत मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातले देव नदीत सोडले. गावाने काम देणं बंद केलं. म्हणून आर्णीकडचं गाव सोडून वणीजवळच्या एका चुनाभट्टीवर मजुरीला आलो. त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट – भर दुपारची.

सकाळी जाऊचा नवरा सरकारी दवाखान्यात गेला होता. नर्सबाई दुसऱ्या गावी गेलेली. कंपाउंडर म्हणाला, "भट्टी आमच्या हद्दीत येत नाही. तुमच्या गावच्या दवाखान्यात न्या." आमचं गाव राहिलं कुठे! तो तसाच वणीला बैलगाडी पाहायला गेला, तो अजून परतला नव्हता. झोपडीत मी आणि शेजारची म्हातारी बुडी, दोघीच.

अडलेल्या बाईचे केस मोकळे करतात, घरातल्या गाठी सोडतात. देव गेले तरी हे आमच्यात राहिलं होतं. मी तिचा अंबाडा सोडला. पोत्यांच्या सुतळ्यासुद्धा सोडल्या.

बुडी म्हणाली, "देव बुडवले ना तुम्ही? आता बोलवा कोनाले बोलावता तं!"

जाऊने डोळे उघडले. "नर्सबाईले," म्हणाली, आणि डोळे मिटले. मग हाक मारली तरी ओ देईना. श्वास चालू होता, एवढंच. मी तिचा हात धरून बसले, तो सोडलाच नाही.

बऱ्याच वेळाने दारात नर्सबाई. हातात बॅग, घामाघूम, चिडलेली.

"कुठं गेली ती बाई? भट्टीवर चला म्हणाली आणि मला मागं टाकून पुढं पळाली! अशी केस सोडून कोणी रस्त्यानं फिरतं का?"

"कोनती बाई?" बुडी म्हणाली. "आमच्यातलं कोनी नाही आलं."

नर्सबाई आत वाकली. जाऊचं तोंड पाहिलं आणि थबकली. "हीच," म्हणाली. "हीच होती."

"हे कशी असन बाई?" मी म्हणाले. "सकाळपासून उठली नाही हे."

तिने बाह्या वर केल्या. "पाणी गरम कर. बाकीचं मागून बोलू."

पुढे एकदा मी जाऊलाच विचारलं, "तुम्ही गेलत्या का हो, बाई?"

"मले कूस बदलता येत नव्हती, न् तू मले दवाखान्यात धाडून राह्यली!"

कंपाउंडरने नर्सबाईला आमच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. मग तिला कोणी आणलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. सकाळीच आली असती तर काय झालं असतं, ते मात्र मी न विचारता नर्सबाईनेच सांगितलं.

जाऊ पुढे पुष्कळ जगली. पोरगं जगलं नाही.