नळीवरचं गोंदण

“नळीवर खाच पडली, तर पाय तिथूनच मोडेल. एवढं ध्यानात ठेवा,” शेख सर फोनवर म्हणाले.

शेख सर बीडमध्ये कृत्रिम पाय बसवून देतात. माझं बसस्टँडजवळ लेझर मार्किंगचं दुकान आहे. नावाच्या पाट्या, बक्षिसाच्या ढाली, कीचेन, असली कामं. त्या दिवशी समोर तलवाड्याच्या सुंदराबाई बसल्या होत्या, सोबत त्यांची धाकटी बहीण केशरबाई. सुंदराबाई मेंढ्या राखतात. कळप रस्ता ओलांडताना ट्रकनं ठोकरलं आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नव्या पायात पोटरीच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची काळी नळी होती.

“पायावर गोंदण होतं, भाऊ. पायासंगं गेलं,” त्या म्हणाल्या. “तेवढं ह्याच्यावर काढून द्या.”

“फोटो आहे का?”

“पायाचा फोटो कोण काढतंय?”

केशरबाईंनी चप्पल काढली आणि डावा पाय सरळ माझ्या टेबलावर ठेवला. “घ्या. कपिलधारच्या जत्रंत आमी दोघींनी एकाच बाईकडून गोंदून घेतलतं.” घोट्याच्या वर एक विंचू आणि भोवती ठिपके होते. मी बटर पेपर लावून ते उतरवून घेतलं.

नळीचा काळा रंग वरून मारलेला नसतो. अ‍ॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्यानं कडक थर चढवतात आणि त्या थरात रंग मुरवतात. त्याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. त्यावर नक्षी काढायची तर कॉस्टिक सोड्यानं धातू खोलवर कोरता येतो. पण त्यानं खाच पडते, म्हणून ते इथं बादच होतं. दुसरी रीत लेझरची. पॉवर बेताची ठेवली तर थरातला नुसता रंग उडतो, धातूला धक्का लागत नाही.

शेख सरांनी तसल्याच नळीचा एक तुकडा पाठवला. पहिल्या ट्रायलमध्ये पॉवर जास्त झाली, नख फिरवलं तर अडकलं. पॉवर उतरवली, स्पीड वाढवला. चौथ्या ट्रायलला नख घसरून गेलं. सर स्वतः आले, दोघी बहिणीही आल्या. भिंगातून तुकडा पाहिला, नख फिरवलं.

“चालेल. पण फक्त मधल्या भागात. टोकांना क्लॅम्प बसतात, तिथं नको.”

मी खूश होऊन तुकडा सुंदराबाईंच्या हातात दिला. त्या बघतच राहिल्या.

“हे पांढरं कावून?”

“लेझर रंग काढतं बाई, भरत नाही.”

“कोड आल्यावानी दिसतंय,” केशरबाई म्हणाल्या.

सुंदराबाईंनी तुकडा हळूच टेबलावर ठेवला. “ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमी लई केलं.”

त्या उठायला लागल्या. मला ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या ट्रायल घेतल्या, पण गोंदण काळं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

“थांबा,” मी म्हणालो. “विंचू तसाच ठेवू. त्याच्या भोवतीचा काळा रंग उडवू.”

सर म्हणाले, “जागा जास्त लागेल. पॉवर मात्र तीच ठेवा.”

डिझाइनचं काळं-पांढरं कॉम्प्युटरवर उलटं केलं. सरांनी पाय खोलून नळी काढून दिली. सुंदराबाई मोकळा गुडघा पदराखाली झाकून बसल्या. ती नळी त्यांच्या मापाची एकच होती, त्यामुळं बटण दाबण्याआधी मी पॉवरचा आकडा पुन्हा तपासला. नळी मशीनवर हळूहळू फिरत राहिली. भोवतीचा काळा रंग फिकट होत गेला आणि मधे विंचू उरला.

पाय पुन्हा जोडल्यावर सुंदराबाईंनी लुगडं जरा वर धरलं आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग बहिणीला पाय शेजारी ठेवायला लावला. केशरबाईंचा विंचू कातडीबरोबर फाकून फिकट झाला होता. नळीवरचा टोकदार होता.

“तुजा इंचू तरणा झाला की गं,” केशरबाई म्हणाल्या. दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

पुढच्या तपासणीला सरांनी नळी भिंगाखाली घेतली. कुठंही तडा नव्हता.

आता माझ्या ऑर्डरच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढला आहे: नक्षी काळी हवी की पांढरी? मशीन घेतल्या दिवशीच तो छापायला हवा होता.