खांद्यामागचे अंबादास

मोतीबिंदू काढताना शरयूताईंनी हट्टाने ते महागडं, लवचिक भिंग बसवून घेतलं होतं. ते डोळ्याच्या आत पुढेमागे सरकतं, त्यामुळे दूरचं आणि जवळचं, दोन्ही दिसतं, असं डॉक्टर गौरांगनी सांगितलं होतं. आणि खरंच, साठी उलटल्यावरही त्या चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत. भजनी मंडळातल्या बायका त्यांच्याकडून ब्लाउजला हुक लावून घेत.

काही वर्षं अशी सुखात गेली. मग हळूहळू कापड हातभर लांब धरावं लागू लागलं. त्यानंतर देवापुढच्या ज्योतीच्या डोक्यावर दुसरी, फिकट ज्योत दिसू लागली. वयाचं असेल, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

एका संध्याकाळी त्यांचे यजमान अंबादास फॅक्टरीतल्या जुन्या मित्राशी फोनवर बोलत होते. अंगात पांढरा बंडी-पायजमा, मागे आतल्या खोलीचं काळोखं दार. शरयूताईंनी सहज वर पाहिलं आणि हातातली सुई तशीच राहिली. अंबादासच्या खांद्यामागे, थोडं वर, आणखी एक अंबादास उभे होते. धुरकट, पांढुरके. फोनवरचे अंबादास खळखळून हसले. मागचे मात्र हसले नाहीत, असं त्यांना वाटलं.

त्यांनी डावा डोळा झाकला. मागचे गेले. उघडला, परत आले.

ज्योतीचं दुखणं ज्योतीपुरतं होतं; नवऱ्याच्या पाठीशी कोणी उभं राहणं निराळं. कुणाजवळ बोलावं तर शब्द खरा व्हायचा, म्हणून त्या गप्प राहिल्या. पण अंबादासना एकटं नर्मदेवर ग्वारीघाटाला जाऊ देईनात. ते झोपले की छातीवर हात ठेवून श्वास बघत. दिवेलागणीला त्यांची नजर पुन्हापुन्हा त्या खांद्याकडे जाई.

"काहून अशी पाहून राहिली?" शेवटी अंबादास चिडले. "माझ्याकडे पाहतच नाहीस तू. माझ्या मागे पाहतेस!"

"काही नाही हो."

"कोण आहे मागे?"

शरयूताईंना रडू फुटलं आणि सगळं बाहेर पडलं. अंबादासनी ऐकून घेतलं. मग ते अगदी सावकाश मागे वळले. दार होतं, दारात अंधार होता.

दुसऱ्याच दिवशी ते त्यांना सिव्हिल लाइन्समधल्या दवाखान्यात घेऊन गेले. गौरांगनी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून बराच वेळ तपासलं.

"भिंग ज्या पिशवीत बसतं ना ताई, ती काही वर्षांत कडक होते. मग भिंग पहिल्यासारखं हलत नाही, म्हणून जवळचं दिसायचं कमी झालं. त्यात तुमच्या डाव्या डोळ्यात ती एका बाजूने आकसली, भिंग तिरपं झालं. तिरप्या भिंगातून काळोखापुढच्या उजळ वस्तूची दुसरी, फिकट प्रतिमा दिसते. बहुतेकांना होत नाही, झालंच तर लवकर होतं. तुमचं उशिरा झालं. लेझरने पिशवी सैल करू."

"मग ते... जाईल?"

"जायला पाहिजे. पण वाचायला, शिवायला चष्मा लागेल आता."

लेझरला दुखलं नाही. काही दिवसांत ज्योत एकच झाली. शरयूताईंनी अंबादासना त्याच दारापुढे उभं केलं, आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्याने. एकच अंबादास. त्यांनी हात जोडले. नाकावर चष्मा आला, मंडळातल्या बायका हळहळल्या. त्यांना स्वतःला त्याचं काही वाटलं नाही.

पण अंबादास बदलले. बोलता बोलता मध्येच थांबून ते मान वळवत. दिवे लागले की विचारत, "आता आहे का गं?"

"नाही हो. डॉक्टर बोलले ना, भिंग तिरपं होतं."

"तुला दिसत नाही आता, एवढंच बोलले ते." अंबादास हलक्या आवाजात म्हणाले.

त्यांनी खुर्ची उचलली, पाठ भिंतीला पक्की टेकेल अशी ठेवली आणि तिच्यात बसले. शरयूताईंनी उठून आतल्या खोलीतला दिवा लावला.